अमळनेरच्या आप्पांस: गाडीची अर्थिंग मोजायला शिकवल्याबद्दल आभार

आदरणीय आप्पा,
सादर नमस्कार.

आपण माझ्या पेट्रोल गाडीची अर्थिंग, म्हणजे करंट परतण्याची धातूची वाट, स्वतः तपासलीत आणि तपासताना मीटर माझ्या हाती देऊन प्रत्येक आकड्याचा अर्थ समजावलात, त्याबद्दल हे आभाराचे पत्र. चोपडा-अमळनेरकडच्या इतर गाडीमालकांच्याही ते वाचनात यावे, म्हणून उघडपणे लिहीत आहे.

थंडीत सकाळी गाडी आचके देत असे, हेडलाइट आणि पंखा लावला की चेक इंजिनचा दिवा पेटत असे, आणि सेल मारताना इंजिन जड फिरत असे. एका गॅरेजात तापमानाचा सेन्सर बदलून झाला होता. इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीला मीटर लावल्यावर बीप वाजला, म्हणून अर्थ चांगली असल्याचा निर्वाळाही मिळाला होता; त्यामुळे उरलेला संशय ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर गेला. आपण ईसीयूला हातही न लावता म्हणालात, "आधी मीटर काय सांगस ते देख, मंग बोल."

त्या बीपवर विश्वास का ठेवू नये, हे आपण फार नेमके सांगितलेत. बीप वाजवताना मीटर तारेतून अगदी क्षीण करंट सोडतो, तर सेल मारताना त्याच वाटेने शंभराहून अधिक अँपिअर जातात. जोडात एक शतांश ओहम रोध असला तरी साध्या मीटरला तो दिसत नाही, पण 110 अँपिअर वाहू लागले की तेवढ्याच रोधावर 1.1 व्होल्ट खर्ची पडतात. म्हणून अर्थ मोजायची ती करंट वाहत असताना, आणि ओहममध्ये नव्हे, डीसी व्होल्टमध्ये.

काळी तार बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि लाल तार इंजिनच्या उघड्या धातूवर धरायला लावून आपण सेल मारलात, तेव्हा मीटरवर 1.1 व्होल्ट आले, तिथे 0.2 ते 0.3 च्या वर आकडा जाऊ नये, असे आपले म्हणणे. गाडी सुरू करून दिवे आणि पंखा लावल्यावर मात्र 0.4 च्या मागे उणे चिन्ह उमटले. मला ते मीटरचे चुकणे वाटले असते, पण वीज तयार करणारा आल्टरनेटर इंजिनवरच बसवलेला असल्यामुळे बॉडीवरील सगळा करंट आता उलट इंजिनकडे परततो, हे आपण सांगितलेत आणि सेन्सरचे कोडेही तिथेच सुटले. माझ्या जुन्या गाडीत तापमानाच्या सेन्सरची अर्थ इंजिनवर आणि ईसीयूची बॉडीवर आहे. दोघांचे शून्य वेगळे झाले की संकेत तेवढा खाली दिसतो, थंड इंजिन ईसीयूला गरम वाटते आणि पेट्रोल कमी सोडले जाते. सेन्सर बदलून हे कसे सुटणार होते?

पुढचे काम मीटरनेच केले. खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते पट्टीचे थिंबल (बोल्टखाली आवळायचे टोकाचे कडे) असे तुकडे मोजत गेल्यावर जवळजवळ सगळा व्होल्ट थिंबलखाली सापडला. डेंटिंग-पेंटिंगच्या वेळी त्या बोल्टच्या जागेवर रंग बसला होता आणि थिंबल रंगावरच आवळले गेले होते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळे ही पट्टीच त्याची खरी अर्थ. ती निकामी झाली तर सेलचा करंट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापते, हेही मला त्या दिवशी कळले. आपण बॅटरीची ऋण तार आधी सोडवलीत, जागा चकचकीत होईपर्यंत घासलीत, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळलात आणि मगच वरून व्हॅसलिन लावलेत. नंतर सेल मारताना 0.15 आणि गाडी सुरू असताना 0.03 एवढेच उरले.

आपण सुचवल्याप्रमाणे ईसीयूच्या अर्थच्या तारेवरही, प्लग न काढता मागून बारीक पिन घालून, मी घरी आकडा घेतला. तो 0.02 आला, तेव्हा ईसीयूची अर्थही ठीक आहे. आपण वॉशरचेच पैसे घेतलेत, म्हणून सोबत केळीचा घड पाठवत आहे. तो कृपया परत करू नये.

आपला नम्र,
चोपडा तालुक्यातील एक गाडीमालक