चादरीचेही वजन करणाऱ्या सिस्टरांस

आदरणीय सिस्टर,

सप्रेम नमस्कार.

आईला घरी आणले त्या दिवशी आपली सुट्टी होती, त्यामुळे आपला निरोप घेता आला नाही. मनातली कृतज्ञता अजून ओली आहे, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

पक्षाघातानंतर आई उभी राहू शकत नाही. हृदय अशक्त होऊन तिच्या अंगात पाणी साचले आणि पायात रक्ताची गुठळीही झाली, तेव्हा नागपुरातल्याच ज्या दवाखान्यात आम्ही तिला प्रथम नेले, तिथे तिचे वजन कोणी केलेच नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरांनी तिच्यावर एक नजर टाकली, ‘सत्तरेक असेल’ असे म्हटले आणि फाइलीत ७० किलो हा आकडा जाऊन बसला. त्यापुढे ‘अंदाजे’ एवढेही लिहिलेले नव्हते. गुठळीसाठीचे एनॉक्सापॅरिनचे इंजेक्शन साधारणपणे किलोमागे १ मिलिग्रॅम या हिशेबाने दर १२ तासांनी देतात. म्हणजे वजन चुकले की मात्रा चुकते, आणि मात्रा जास्त झाली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कळमन्याच्या बाजारात धान्याचे पोतेसुद्धा काट्यावर चढल्याशिवाय त्याचा सौदा होत नाही. माझी आई मात्र नजरेने तोलली गेली, याचा राग अजून गेलेला नाही.

आपल्या वॉर्डात आल्यावर आपण फाइल पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘हे वजन कशावर केले?’ उत्तर नव्हते. तेव्हा आपण रुग्णाला झोळीत उचलून वजन दाखवणारा लिफ्टर मागवला. वजन करणे म्हणजे काय असते, हे मी त्या वेळी पाहिले. आपण लघवीची पिशवी रिकामी केली, सलाइनची नळी ताणली जाणार नाही अशी मोकळी केली, आईला हळूच कुशीवर वळवून तिच्याखाली झोळी सरकवली आणि ‘आई, आता तुम्हाला थोडं वर उचलते, घाबरू नका, मी इथंच आहे,’ असे तिला सांगितले. पायाची टाचही गादीला टेकलेली नाही ना, हे वाकून पाहिले. आकडा स्थिर होईपर्यंत आम्हा कोणालाही पलंगाजवळ येऊ दिले नाही.

पण मला सर्वांत जास्त आठवते ती चादर. झोळीत अधांतरी असताना आईचा गाऊन वर सरकला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. बोलणे तिला जमत नाही. तिने नुसते डोळे मिटून घेतले. आपण पडदा ओढला आणि तिच्या अंगावर चादर घातली. ‘सिस्टर, चादरीने वजन वाढेल,’ असे वॉर्डबॉय म्हणाला. त्यावर आपण एवढेच म्हणालात, ‘मग चादरीचंही वजन करू.’ आईला खाली ठेवल्यावर आपण ती चादर आणि झोळी वेगळी तोलली, तो भार वजा केला आणि ५६.४ हा आकडा फाइलीत लिहिला. त्यासोबत वेळ आणि ‘लिफ्टरवर, चादर व झोळी वजा करून’ हेही लिहिले. आईची लाजही राखली गेली आणि वजनही बिनचूक निघाले.

पुढे रोज सकाळी न्याहारीआधी, त्याच काट्यावर, तेच सारे पुन्हा होत असे. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, त्यामुळे लघवी होण्याच्या औषधाने अंगातले पाणी उतरते आहे की नाही, हे डॉक्टरांना त्या आकड्यांवरून कळत होते. लघवीचे माप तर लिहितातच, पण घामावाटे आणि श्वासावाटे जाणारे पाणी त्यात धरता येत नाही.

ज्याला बोलता येत नाही, उठता येत नाही, तक्रारही करता येत नाही, अशा माणसासाठी कोणी पाहत नसतानाही पूर्ण काम करणारी माणसे असतात, म्हणूनच आम्ही आमचे माणूस परक्या हाती सोपवून व्हरांड्यात झोपू शकतो. गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याहून इथे येणाऱ्या कितीतरी कुटुंबांना तर दवाखान्यात कोणाला काय विचारावे, हेही ठाऊक नसते.

या पत्राची एक प्रत आपल्या मेट्रनबाईंना पाठवीत आहे. तसा वजनाचा लिफ्टर इतर वॉर्डांतही असावा आणि तो कसा वापरावा हे नव्या सिस्टरांना आपणच शिकवावे, अशी विनंती मी त्यांना केली आहे.

आपली ऋणी,
एका रुग्णाची मुलगी
नागपूर