भरून आणलेली सिरिंज आणि कोरं कार्ड

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहकसेवा विभाग

विषय : घरपोच लसीकरण पॅकेजचे पैसे परत मिळणे व दिलेल्या लसींचा बॅच नंबर मिळणे

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवर बोलून आत्ताच फोन ठेवला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लेखी देते आहे.

लस २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्याच अ‍ॅपवर ते ठळक अक्षरांत लिहिलं आहे. इंदूरमध्ये मे महिन्यात पारा ४०च्या वर असताना, भर दुपारी तुमचा माणूस लोकमान्य नगरात आमच्याकडे आला आणि पाठीवरच्या साध्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यातून त्यानं दोन सिरिंजा काढल्या. बर्फाची पेटी नाही, आइस पॅक नाही. सिरिंजा आधीच भरलेल्या. मी कुपी दाखवा म्हणेपर्यंत त्यानं आमच्या खंड्याला, आमच्या कुत्र्याच्या पिल्लाला, दोन्ही सुया टोचल्याही होत्या.

सेव्हन-इन-वन, म्हणजे कुत्र्यांची अनेक आजारांवरची एकत्रित लस. तिच्या एका कुपीत कोरडी पावडर असते, दुसरीत द्रव. दोन्ही समोर उघडायच्या, मिसळायच्या आणि लगेच टोचायचं. एका कुत्र्याला एक कुपी. रिकामी कुपी मागितली तर उत्तर आलं, "वो तो पिछले घर में ही खुल गई थी." मागच्या घरी उघडलेल्या कुपीतलं खंड्याच्या वाट्याला नेमकं काय आलं? पिल्लू लहान म्हणून डोस अर्धा होत नाही. ग्रेट डेन असो नाहीतर आमचं गावठी पिल्लू, डोस पूर्णच लागतो.

त्यानंतर तो मनीकडे वळला. गोचिडांच्या औषधाची खंड्यासाठी फोडलेली पिपेट, त्यातलं उरलेलं तो मांजरीच्या मानेवर सोडणार होता. पाकिटावर पर्मेथ्रिन लिहिलेलं होतं. कुत्र्याला चालणारं हे औषध मांजरीला विष आहे. झटके येऊन मांजर मरू शकते. मी हात धरला म्हणून मनी वाचली. पशुसेवेच्या नावानं पैसे घेणाऱ्या कंपनीच्या माणसाला हे माहीत नसावं?

आता फोनबद्दल. कार्डावर लसीच्या नावासमोर फक्त तुमचा शिक्का आहे. कुपीवरचं स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, मुदत नाही, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकही नाही. मी एवढंच मागितलं की बॅच नंबर द्या. तुमचा प्रतिनिधी म्हणाला, "स्टॅम्प लग गया ना मॅडम? तो वॅक्सीन लग गई." मी पुन्हा विचारलं. तो हसला. फोनवर स्पष्ट ऐकू आलं, हसला. आणि म्हणाला, "मॅडम, कुत्ते का टीका है, आदमी का थोड़ी है. इतना टेंशन मत लो." मी वरच्या साहेबांना द्या म्हटलं. बराच वेळ तुमच्या जाहिरातीचं गाणं ऐकवलं आणि परत तोच माणूस फोनवर! या वेळी म्हणाला, पुढच्या अंघोळीवर सूट देतो, तक्रार बंद करू का?

मी अंघोळ मागितली नव्हती. बॅच नंबर मागितला होता.

कुत्र्याचीच लस असं म्हणणाऱ्याला सांगा, त्यातली दुसरी सुई रेबीजची होती. आमच्या घरात लहान नातू आहे. खंड्याचे दुधाचे दात शिवशिवतात, तो दिवसभर त्याची बोटं चावत असतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की कुत्रा वाचत नाही, आणि माणूसही जवळपास वाचत नाहीच. लस हाच एक आधार, आणि तो तुम्ही बॅगेच्या कप्प्यात उकडून आणलात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचंही तेच. त्याचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाइलनं मरत नाही. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण याच वयात ओसरत असतं, म्हणून तर १६ आठवड्यांपर्यंत डोस पुन्हा पुन्हा देतात. नेमक्या त्या दिवसांत तुम्ही आम्हाला खोटा भरवसा दिलात. आमच्या भागातले डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलेले आहेत. त्यांनी कार्ड पाहिलं आणि हे डोस धरता येणार नाहीत, सगळं पुन्हा द्यावं लागेल, असं सांगितलं. तोवर खंड्याला अंगणाबाहेर काढायचं नाही. दाराच्या जाळीला नाक लावून तो रडतो.

शिवाय भरून आणलेली सिरिंज! एवढी साधी गोष्ट तुमच्याकडे कुणी तपासत नाही?

अ‍ॅपवर तुम्ही "घरातल्या सदस्यासारखी काळजी" असं लिहिता. मी ते खरं मानलं, आणि आमच्या गल्लीत आणखी दोन घरांना तुमचं नाव सुचवलं. त्यांच्याकडे मी स्वतः जाऊन कार्ड तपासायला सांगून आले.

पंधरा दिवसांत पॅकेजची पूर्ण रक्कम आणि नव्यानं घ्याव्या लागणाऱ्या डोसांचा खर्च द्या. त्या दिवशीच्या लसींचे बॅच नंबर, साठवणुकीच्या तापमानाची नोंद आणि जबाबदार डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लेखी कळवा. त्याच दिवशी त्या माणसानं आणखी कुणाकुणाच्या घरी सुया टोचल्या, त्या सगळ्यांना आजच कळवा; याला पंधरा दिवस नाहीत. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवून २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन आणि राज्य पशुवैद्यकीय परिषदेलाही लिहीन. कार्डाचे आणि औषधाच्या पाकिटाचे फोटो सोबत जोडले आहेत.

तुमची ग्राहक,
लोकमान्य नगर, इंदूर