शनिवारी बीपी-शुगर तपासणी, सगळ्यांनी यायचंच

मैत्रिणींनो, शनिवारी सकाळी ८ ला मंडळाच्या हॉलमध्ये बीपी आणि शुगर तपासणी आहे. उपाशीपोटी या, चहासुद्धा नको, बीपीची गोळी चालू असेल तर ती पाण्याबरोबर घ्या पण शुगरची गोळी तपासणी झाल्यावर नाश्त्यासोबतच.

आणि एक महत्त्वाचं, हार्ट अटॅकमध्ये बायकांच्याही छातीत दुखतं पण कधी कधी ते फार जाणवतच नाही, नुसता जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं, दम लागतो, थंड घाम फुटतो आणि आपण ॲसिडिटी समजून ओवा चावत भाकऱ्या थापत राहतो. असं काही झालं तर गॅस बंद करा आणि लगेच १०८ ला फोन करा, घरचे येईपर्यंत थांबू नका प्लीज.

पाळी गेल्यावर धोका वाढतो. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का तेही डॉक्टरांना सांगा, २० वर्षं झाली असली तरी. मिश्री लावणाऱ्यांनी तर नक्की या, मिश्री म्हणजे तंबाखूच, हृदयाला वाईटच, सोडायला डॉक्टर मदत करतील, कुणी रागावणार नाही.

सासूबाईंनाही आणा, जुन्या फाइली सोबत ठेवा. नावं उद्यापर्यंत ग्रुपवर टाका.