तो फोटो मीच पाठवला होता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या वर्षी तुमच्या पेपरात एक फोटो आला होता, आठ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, हातात सर्टिफिकेट आणि खाली लिहिलेलं की पियानोच्या ग्रेड टू परीक्षेत मेरिट. ती माझी नात. फोटो मीच पाठवलेला, खालचा मजकूर पण माझाच, 'उज्ज्वल यश' वगैरे. कात्रण अजून फ्रिजवर चिकटवलेलं आहे. आता त्याच फोटोबद्दल थोडं लिहायचंय, छापलंत तर बरं, नाही छापलंत तरी माझं मन मोकळं होईल.

झालं असं की गणपतीत माझा भाऊ पुण्याहून आला, त्याची नात पण पियानो शिकते, तिचं जुनं झालेलं पुस्तक तो आमच्या नातीसाठी घेऊन आला होता. अगदी पहिल्या पायरीचं, एका पानावर चार ओळी आणि बाजूला बदकाचं चित्र. आरती झाली, प्रसाद झाला, सगळे हॉलमधे बसलेले, म्हटलं वाजव गं यातलं एखादं, तुझं तर ग्रेड टू झालंय. ती पानाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे, मग परत पानाकडे, आणि हळूच म्हणाली, आजी, हे मला सरांनी करवलं नाहीये.

त्या दिवशी मी विषय बदलला, मोदक घ्या मोदक घ्या करत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्याजवळ जाऊन बसले. परीक्षेचे तीन पीस ती अजूनही धडाधड वाजवते, ऐकणाऱ्याला वाटावं काय हात आहे पोरीचा! मी मधेच थांबवलं आणि म्हटलं आता इथून पुढे वाजव. नाही आलं. परत पहिल्यापासून सुरू केलं तरच गाडी पुढे जायची. अंगठा कुठल्या सुरावर आहे विचारलं तर म्हणाली एक नंबर. अगं तो बोटाचा नंबर झाला, सूर कुठला? तर गप्प. मग मी तिचं परीक्षेचं पुस्तक नीट उघडून बघितलं, तर प्रत्येक नोटच्या खाली पेन्सिलने सुरांची इंग्रजी नावं, सी, डी, ई, लिहिलेली आणि वर बोटांचे नंबर, एक जागा मोकळी नाही. म्हणजे ज्यांच्यावर सूर लिहितात त्या पाच रेघांकडे पोरीने दोन वर्षांत कधी बघितलंच नव्हतं, बघायची गरजच पडली नव्हती तिला.

मी स्वतः पेटीवाली आहे. वडिलांनी दांडिया बाजारच्या घरात शिकवली, आमच्याकडे सूर म्हणजे काळी दोन, पांढरी चार असेच. नात पहिल्यांदा क्लासला गेली तेव्हा सरांनी मिडल सी दाखवून विचारलं हे काय, तर ही म्हणाली पांढरी एक! सर हसले, मला मात्र इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, आणि चुकीचं काय होतं त्यात, पांढरी एक म्हणजे सीच. पण पेटीत डावा हात भात्यावर, वाजवायचं ते उजव्यानेच. पियानोत दोन्ही हात वेगवेगळं वाजवणार आणि दोघांसाठी पाच पाच रेघांच्या दोन वेगळ्या पट्ट्या, त्यातही वरच्या पट्टीत मधल्या रेघेवरचा ठिपका म्हणजे बी आणि खालच्या पट्टीत मधल्या रेघेवर तसाच ठिपका असेल तर तो डी. आठ वर्षांच्या पोराला याला महिनोन्महिने लागतात, आणि तोपर्यंत घरात जे काही वाजतं ते ऐकवत नाही, शेजारी पण विचारतात. पेन्सिलीने सी डी ई लिहून दिलं की महिन्याभरात गाणं तयार.

यात सरांना मी दोष देणार नाही, निदान सगळा तरी नाही. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना परीक्षा कधी हे विचारणारी मीच होते. ते म्हणाले होते दोन वर्षं तरी नको, आधी वाचायला येऊ दे. माझ्या मुलाने सांगितलं, सर शाळेत बाकीच्या मुलांच्या ग्रेड झाल्या, हिची पण करून टाका. करून टाका! गॅसचं केवायसी असल्यासारखं. मग आठवड्यातून एकदा 30 मिनिटं, त्यात तीन पीस आणि थोड्या स्केल्स, पूर्ण वर्ष तेच. नवीन पान उघडायला वेळ कुठला.

मग मी जरा परीक्षेचा सिलॅबस काढून वाचला. आपल्याकडे लंडनच्या दोन बोर्डांच्या परीक्षा जास्त चालतात, ट्रिनिटी आणि एबीआरएसएम. ट्रिनिटीत 100 पैकी 66 मार्क तीन पीसचे, पास व्हायला 60. आणि न बघितलेलं पान वाजवून दाखवायची जी टेस्ट असते, साइट रीडिंग, ती ग्रेड फाइव्हपर्यंत ऑप्शनल, चार टेस्टमधून दोन निवडायच्या, सहाव्या ग्रेडपासून मात्र ती सक्तीची. एबीआरएसएममधे प्रॅक्टिकल ग्रेडच्या परीक्षेत एकूण 150, साइट रीडिंग पहिल्या ग्रेडपासून द्यावीच लागते पण तिला 21 मार्क, आणि पासिंग 100, म्हणजे ती कच्ची राहिली तरी पास होता येतं. बोर्डांचं काही चुकत नाही, ट्रिनिटीने तर मुलाला जे झेपेल ते निवडायची सोय दिलीय. आपण काय करतो, जे कठीण ते सोडतो. म्हणजे मनात आणलं तर पाच ग्रेड पाच सर्टिफिकेटं भिंतीवर आणि पुढ्यात बदकाचं पान ठेवलं की पोर गप्प.

कोणी म्हणेल आजी आपलं संगीत कानाचंच आहे, कागद कशाला. मान्य, पण कानावर तयार झालेल्या मुलाला मधूनच म्हटलं अंतऱ्यापासून घे तर तो घेतो, पट्टी बदल म्हटलं तर थोडा अडखळेल पण बदलेल. आमच्या पोरीचं शिक्षण कानाचंही नाही आणि डोळ्याचंही नाही, फक्त बोटांचं, बोट विसरलं की संपलं. आणि कागदाचं म्हणाल तर हे आपल्या बडोद्यात तरी कोणी बोलू नये. सयाजीराव महाराजांनी 1886 मधे इथे गायनशाळा काढली, उस्ताद मौलाबक्षांनी त्यासाठी स्वतःची स्वरलिपी, म्हणजे सूर लिहायची पद्धत, बसवली, पुस्तकं काढली, का तर शाळेतल्या पोरांना वाचून गाता यावं. सूरसागर तलावाजवळून जाताना मला अजून ते आठवतं. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद 1916 मधे भातखंड्यांनी भरवली ती पण बडोद्यातच, आणि त्यांचं तर अर्धं आयुष्य लोकांच्या गळ्यातल्या चिजा कागदावर उतरवण्यात गेलं. जाऊ दे, विषय लांबतो.

दिवाळीनंतर आम्ही क्लास बदलला. नवीन मिस गुजराती आहेत, पहिल्या दिवशी नातीचे तिन्ही पीस शांतपणे ऐकले, मग एक साधं पान पुढे ठेवलं आणि दोन मिनिटांनी मला म्हणाल्या, "बेन, वगाडतां आवडे छे, वांचतां नथी आवडतुं." म्हणजे वाजवता येतं, वाचता येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांची पद्धत अशी की क्लासची पहिली पाच मिनिटं नवीन पान, मुलीला जे येतं त्यापेक्षा दोन पायऱ्या सोपं, एकदाच वाजवायचं, चुकलं तर चुकलं, थांबायचं नाही, आणि ते पान परत काढायचं नाही. पेन्सिलीला बंदी. मी लपवून दोन ठिकाणी लिहिलं होतं तर खोडायला लावलं मला.

पहिले दोन महिने रडारड झाली. मुलगा म्हणाला आई ही मागे चाललीय, एक ग्रेड झाली असती एवढ्यात. मी म्हटलं तू गप्प बस.

तुम्हाला एकच सांगायचं होतं, की असे फोटो छापता तेव्हा पाठवणाऱ्याला एवढं तरी विचारत जा की मूल परीक्षेचं सोडून आणखी काय वाजवतं. मला कोणी विचारलं असतं तर मी तेव्हाच अडकले असते.

परवा शनिवारी नातीने ते बदकाचं पान स्वतःहून काढलं. सावकाश, बैलगाडीच्या चालीने, तिसऱ्या ओळीत डावा हात चुकला, ती थांबली, पानाकडे बघितलं, तिथूनच पुढे गेली. मी स्वयंपाकघरात होते, कुकरची शिट्टी झाली तरी गॅस बंद करायला उठले नाही, डाळ करपली थोडी.

आपली,
एक आजी, दांडिया बाजार, बडोदा