गुहेतल्या नितळ पाण्यावर भरवसा नको

संपादक महोदय,

भूमिगत गुहांच्या सहलींना मी हौसेने जातो. गेल्या खेपेला गुडघाभर पाण्यातून वाट काढताना एकाने आयोजकांना विचारले, ‘हे प्यायला चालेल का?’ उत्तर आले, ‘अहो, झऱ्याचंच आहे, बिनधास्त प्या!’ आमच्या डोक्यावर, वर जमिनीवर, गुरांचे गोठे होते. चुनखडीच्या भेगांतून पाणी धड गाळले न जाताच भराभर खाली उतरते, शेण, खत, सांडपाणी सोबत घेऊन. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पाण्यात येतात आणि खरचटलेल्या कोपरातूनही अंगात शिरतात. ताप कधी कधी तीन-चार आठवड्यांनी येतो. तोवर गुहा कुणाच्या लक्षात राहते? डॉक्टरांना सांगायचेच राहून जाते.

पुराचे तर विचारूच नका. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २०१८ साली १२ मुले आणि त्यांचे प्रशिक्षक पुरामुळे अडकले होते. तरीही आमच्या सहलीत पावसाचा अंदाज कुणी पाहिला नव्हता आणि बहुतेकांकडे एकच बॅटरी. माहितीपत्रकातले फोटो मात्र झकास! पाण्याची तपासणी केव्हा केली, हे आयोजकांनी पैसे घेण्याआधी लेखी द्यावे. परतीची वेळ बाहेर कुणाला कळवली आहे, तेही.

— एक गुहाप्रेमी वाचक