आजीची वही आणि तुझा लॅपटॉप

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, कॉम्प्युटरच्या सेटिंगला हात लावू नकोस, मी दिवाळीत येऊन बघतो." पण माझ्याने थांबवलं नाही. आजीच्या ओव्यांच्या वहीच्या कडा झडायला लागल्यात आणि मधल्या पानांवरची शाई इतकी फिकट झालीये की दुपारच्या उन्हात धरल्याशिवाय अक्षर लागत नाही. म्हणून मीच बसले, आणि आता सगळं जागेवर आलंय. तुझ्याकडे एक काम मागायचं आहे, पण त्याआधी मी काय काय केलं ते सांगते, कारण तुझ्या लॅपटॉपवर तुला तेच करावं लागणार आहे.

तू आठवीत होतास तेव्हा मी यातल्या बाराएक ओव्या टाइप केल्या होत्या, आठवतं? नवीन कॉम्प्युटर आल्यावर ती फाइल उघडली, तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस. त्या वेळच्या डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवायच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांनाच मराठीचे आकार चढवलेले असायचे. फॉन्ट गेला की मराठी गेली. त्या ओव्या मला पुन्हा पहिल्यापासून कराव्या लागल्या. युनिकोडमध्ये तसं होत नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. 'क'चा ०९१५, आपल्या 'ळ'चा ०९३३. फॉन्ट कुठलाही लावा, क तो कच राहतो. म्हणून तू जे काही टाइप करशील ते युनिकोडमध्येच कर. त्यात मला तडजोड नको.

कीबोर्ड जोडणं सोपं आहे. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये जाऊन मराठी भाषा घ्यायची. मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीतून मराठीत जाता येतं. तिथे 'मराठी फोनेटिक' नावाचा कीबोर्डही मिळतो. तुला रोमन लिपीत मराठी लिहायची सवय, त्यामुळे तुला तोच बरा वाटेल. तरी माझं ऐक आणि इनस्क्रिप्ट नावाचा कीबोर्ड शीक. १९८६ साली सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने तो ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. 'के'वर क, शिफ्ट धरून ख. बहुतेक भारतीय लिप्यांना मांडणी एकच, म्हणजे तुझ्या बेंगळुरूच्या मित्राचा कन्नड 'क'सुद्धा त्याच बटणावर. पहिले पंधरा दिवस मी एकेक अक्षर शोधत होते. आता वहीवरची नजर न काढता ओळ पुरी होते.

आजीच्या ओव्यांत दऱ्या, वाऱ्यावर, शेजारच्या पोऱ्या असे शब्द पानोपानी आहेत. हा 'ऱ्या' नीट काढायचा. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसकट 'जे', मग पाय मोडायला 'डी', मग स्लॅश, की झाला 'ऱ्य'. साधा र घेतलास तर दऱ्याचा दर्या होतो, आणि डोंगराकडची बाई एकदम समुद्रावर जाते. आचाऱ्यांना जेवायला वाढणं वेगळं आणि आचार्यांना वाढणं वेगळं.

आता लिब्रेऑफिस, म्हणजे मी ज्यात टाइप करते तो प्रोग्रॅम. इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. मी अक्षराचा आकार सोळा करत होते आणि मराठी बारावरच अडून बसत होती. मग कळलं की त्यात इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि आपल्या लिपीचा वेगळा. आपली लिपी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाखाली येते, थोडक्यात सीटीएल. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये रायटरच्या खाली 'बेसिक फॉन्ट्स, सीटीएल' असं पान आहे, आकार तिथे बदलायचा. आणि भाषेच्या पानावर सीटीएलसमोर मराठी निवडायची. माझ्याकडे तिथे हिंदी होतं, म्हणून आजीच्या निम्म्या शब्दांखाली लाल नागमोडी रेघा. जन्मभर जात्यावर म्हटलेले शब्द, आणि मशीन ते चूक ठरवत होतं! मला फार लागलं ते.

मजकूर 'नोटो सान्स देवनागरी' या फॉन्टमध्ये होता, त्याची भाषा मराठी केली तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. ल आणि श बदलले. हिंदी वळणाचा दंडवाला ल जाऊन आपला पाकळीचा ल आला, श देठाचा झाला. शासनानेही २००९ च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणं ठरवली आहेत. फॉन्ट तोच, फक्त मजकुराची भाषा सांगितली. आजीने वहीत काढलाय तसाच ल समोर उमटला, तेव्हा मी तुझ्या बाबांना हाक मारून दाखवला.

एक खोड मात्र आधीच मोडून ठेव. एका ओवीची ओळ 'पंढरपुरा'वर संपत होती. मी एंटर दाबलं, तर खाली जायच्या ऐवजी शब्दच 'पंढरपुराला' झाला. आधीच्या एका ओवीत तो शब्द येऊन गेला होता, तो कॉम्प्युटरने ध्यानात ठेवला आणि माझ्या एंटरला होकार समजला. ओवीत तर दर ओळीला एंटर. चार पानं झाल्यावर मला हे दिसलं, आणि ती चारही पानं वहीशी पुन्हा ताडून पाहावी लागली. टूल्समध्ये 'ऑटोकरेक्ट ऑप्शन्स', त्यात 'वर्ड कम्प्लीशन', तिथली पहिली खूण काढून टाक.

जे बदललं ते मी टेबलावरच्या वहीत तारखेसकट लिहिलंय. आधी काय होतं, आता काय आहे. तूही लिहीत जा. दिवाळीत आलास की माझ्या मशीनवर बदल करायच्या आधी ती वही वाच.

आता काम. एक्केचाळीस ते साठ या पानांचे फोटो तुला पाठवले आहेत. तेवढी तू टाइप कर. फॉन्ट नोटो, आकार सोळा, प्रत्येक ओवीनंतर एक ओळ मोकळी. आजीने 'व्हता' लिहिलं असेल तर 'व्हता'च ठेव, 'होता' करू नकोस. शब्द लागला नाही तर अंदाजाने लिहू नकोस. जागा सोडून पिवळा रंग दे, मी मूळ पान उन्हात धरून बघेन. त्रेपन्नाव्या पानावर तुझ्या बारशाची ओवी आहे. तिच्यापासून सुरुवात केलीस तरी चालेल.

तुझी
आई