पुनर्मुद्रणात मूळ पाठ हरवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुनी मराठी नाटके आणि इतिहासग्रंथ पुन्हा छापले जात आहेत, याचा एक वाचक म्हणून मला मनापासून आनंद होतो. लेखकाच्या निधनाला साठ वर्षे उलटली की स्वामित्वहक्क संपतो. त्यामुळे नाटककार देवल, गडकरी, खाडिलकर, इतिहासकार राजवाडे आणि २०२०पासून रियासतकार सरदेसाई यांचेही ग्रंथ कोणालाही छापता येतात. परंतु हे ग्रंथ ज्या रीतीने छापले जातात, ती पाहून काळजी वाटते.

नुकतीच मी एका संगीत नाटकाची नवी प्रत विकत घेतली आणि घरातल्या जुन्या, पाने तुटू लागलेल्या प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहिली. जुन्या प्रतीत पदांच्या डोक्यावर राग, ताल आणि चाल दिलेली आहे. नव्या प्रतीत ती ओळच गाळली आहे. कोणत्या जुन्या पदावरून, लावणीवरून किंवा कीर्तनातल्या साकी-दिंडीसारख्या पद्यप्रकारांवरून नाटककाराने पद बांधले, हे सांगणारा तेवढाच धागा असतो आणि नाट्यसंगीताचा अभ्यास करणाऱ्याच्या हातून नेमका तोच सुटतो. नाटककाराची प्रस्तावनाही नव्या प्रतीत नाही आणि कोणत्या आवृत्तीवरून पाठ घेतला, याचा कोठेही उल्लेख नाही.

दुसरा प्रश्न लेखनपद्धतीचा. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि नव्या लेखनासाठी ते योग्यच झाले. पण जुन्या संवादात ‘तीं आलीं’ असे असेल, तर स्त्री आणि पुरुष दोघेही आल्याचे वाचकाला कळते. अनुस्वार काढून ‘ती आली’ छापले की रंगमंचावर एकटी स्त्री येते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे, असे मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांतच म्हटले आहे. म्हणजे बखरी किंवा वि. ज. कीर्तने यांचे १८६१चे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक आजच्या लेखनात बदलून छापण्याला त्या नियमांचाही आधार नाही.

इतिहासग्रंथांच्या बाबतीत प्रस्तावना गाळणे तर अक्षम्य आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या जुन्या पत्रांच्या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्यातील पत्रांइतकीच राजवाड्यांची प्रस्तावनाही अभ्यासली गेली, तिच्यावर वाद झाले. पत्रावरील मूळ मिती (पंचांगातील तिथी) आणि सुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली कालगणना) वगळून केवळ इंग्रजी तारीख छापली, तर संपादकाने काढलेली तारीख बरोबर की चूक, हे पडताळण्याचा मार्गच बंद होतो.

महात्मा फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली लिहिले, पण ते छापून यायला १९७९ उजाडले. असे ग्रंथ मोठ्या कष्टाने हाती लागतात. म्हणून प्रकाशकांना माझी विनंती आहे की, आधारभूत आवृत्तीचे नाव व वर्ष द्यावे, प्रस्तावना जशीच्या तशी ठेवावी आणि केलेले बदल दोन पानांत का होईना, नोंदवावेत. विद्यापीठांच्या मराठी व इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एकेका ग्रंथाच्या दोन आवृत्त्या ताडून घेतल्या, तर पाठभेदांची टिपणे आपोआप तयार होतील. अशा कामासाठी माझ्याकडची जुनी प्रत मी आनंदाने देईन.

आपला,
एक वाचक